बबल टिप अ‍ॅनिमोन (समुद्रफूल) सतत जागा सोडतोय, रंग उतरलाय, तपकिरी धागे टाकतोय. नेमकं काय चुकतंय?

खारटपाणी

टाकी ९० × ४५ × ४५ सेंमी. दगड-वाळू वजा जाता पाणी अंदाजे १५० लिटर. चालू होऊन चार महिने झालेत. आत दोन ऑसेलारिस क्लाउनफिश (समुद्रफुलात राहणारे मासे), एक गोबी मासा, दोन क्लीनर श्रिम्प, थोडे झोअँथिड (बटणांसारखे प्रवाळजीव) आणि एक हॅमर कोरल. अ‍ॅनिमोन हिरवा बबल टिप, फुलला की १२ सेंमी, टाकीत येऊन तीन आठवडे झाले.

तापमान सकाळी २६.५, संध्याकाळी २९.५ अंश. खारेपणा १.०२३, काटेवाल्या प्लॅस्टिक हायड्रोमीटरवर. अमोनिया, नायट्राइट शून्य. नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य (फॉस्फेट शोषून घेणारा जीएफओ रिअ‍ॅक्टर चालू आहे). अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पेलण्याची क्षमता) ७.८ डीकेएच. पाणी घरच्या आरओचं, टीडीएस (विरघळलेले क्षार) ४५. एलईडी १०० वॅट, ७० टक्क्यांवर, रोज १० तास. खायला रोज एक अख्खी कोळंबी.

लक्षणं: दगडावरची जागा तीनदा सोडली, तीनदा उचलून परत ठेवला. आता मागच्या काचेवर, वेव्हमेकरपासून (टाकीत प्रवाह तयार करणारा पंप) वीतभर अंतरावर चिकटलाय. दुपारी तीन-चार तास लिंबाएवढा आकसतो. तोंड किंचित सैल दिसतं. तपकिरी चिकट धागे बाहेर टाकतो. हिरवा रंग फिका पडत चाललाय. क्लाउनफिश त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत.

प्रश्न तीन. हा मरतोय का? प्रकाश वाढवायचा की कमी करायचा? आणि काचेवरून काढायचा कसा?

भरतीओहोटी

बाकीचं वाचण्याआधी उठा आणि त्या वेव्हमेकरवर जाळी बसवा. वीतभर अंतर म्हणजे त्याची एका रात्रीची चाल. पंख्यात अ‍ॅनिमोन गेला की तो एकटा जात नाही. त्याचे तुकडे नि दंशपेशी पाणीभर पसरतात, अमोनिया उसळतो आणि सकाळपर्यंत मासेही आडवे होतात. रिफ (प्रवाळांच्या) टाकीतल्या अ‍ॅनिमोनच्या मृत्यूंत हे कारण फार वर असतं. दोन मिमी छिद्रांची प्लॅस्टिक जाळी गुंडाळून झिप टायने आवळा, किंवा तयार स्पंजचं आवरण घाला. स्पंज आठवड्यातून एकदा पिळून धुवावा लागतो, नाहीतर प्रवाह निम्म्यावर येतो. सम्प (टाकीखालची दुसरी टाकी) असेल तर ओव्हरफ्लोच्या (तिकडे पाणी सोडणाऱ्या पन्हळीच्या) दात्यांवरही जाळी हवी. हीटरला पिंजरा हवाच, कारण उबदार नळीला चिकटून पाय भाजलेला अ‍ॅनिमोन सहसा वाचत नाही.

आता पहिला प्रश्न. मरतोय का? तुम्ही लिहिलंय त्यावरून अजून नाही. आकसणं एकट्याने काहीच सिद्ध करत नाही. त्याला वेगळं गुदद्वार नसतं, तोंड एकच, आत घेणंही तिथूनच आणि बाहेर टाकणंही तिथूनच. जुनं पाणी, मळ, जास्त झालेलं शैवाल असं सगळं पिळून काढायला तो रिकामा होतो आणि काही तासांत परत फुगतो. तपकिरी धागे बहुतेक हेच: पेशींत राहणारं झूझँथेली शैवाल आणि पचलेल्याचा गाळ. रोज अख्खी कोळंबी म्हटल्यावर धागे निघणारच.

घाबरायची लक्षणं वेगळी आहेत. तोंड सताड उघडं राहून आतले पापुद्रे २४ तासांहून जास्त वेळ बाहेर लोंबणं. टेन्टॅकलला बोट लावल्यावर अजिबात न चिकटणं. पाय कुठेच न धरणं, प्रवाहात लोळत राहणं. आणि शेवटी कुजका वास, हाताला बुळबुळीत सुटणारं मांस. शेवटचं दिसलं तर वाट बघू नका. जाळ्याने उचलू नका, जाळीतून ते गाळून निघतं. पाण्यासकट प्लॅस्टिकच्या डब्यात घेऊन बाहेर काढा, त्याच दिवशी ३० ते ४० टक्के पाणी बदला, १०० ग्रॅम अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन लावा आणि दर बारा तासांनी अमोनिया तपासा.

तुमच्या आकड्यांत मला खटकतो तो खारेपणा. काटेवाल्या हायड्रोमीटरच्या काट्याला बुडबुडे चिकटले की काटा वर उचलला जातो आणि वाचन जास्त येतं. म्हणजे १.०२३ दिसत असेल तर खरं त्याहून कमीही असू शकेल. १.०२३ खरं धरलं तरी ते साधारण ३१ पीपीटी (हजारात ३१ भाग मीठ). अ‍ॅनिमोनला हवं ३५, म्हणजे १.०२६ च्या आसपास. मासे ३१ वर मजेत राहतात, अ‍ॅनिमोन नाही. त्याच्या अंगात पाण्याचाच फुगवटा असतो, खारेपणा हलला की त्याचा सगळा तोल जातो. रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाशाच्या वळण्यावरून खारेपणा मोजणारं यंत्र) घ्या आणि तो आरओच्या पाण्यावर नाही, ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावणावर जुळवा. शून्यावर बरोबर असलेलं यंत्र ३५ वर दोन पीपीटी चुकू शकतं.

रिफ्रॅक्टोमीटरनेही ३१ च दाखवलं तर वाढवायचं सावकाश. रोज अंदाजे ३ लिटर पाणी उडत असेल तर ते साध्या पाण्याने न भरता ३५ पीपीटीच्या खाऱ्या पाण्याने भरा. ३ लिटरमध्ये १०५ ग्रॅम मीठ, १५० लिटरला दिवसाला ०.७ पीपीटी. सहा दिवसांत जागेवर येतं, कुणाला धक्का बसत नाही. मग परत साधं आरओ-डीआय (आरओनंतर रेझिनने उरलेले क्षारही काढलेलं पाणी). मीठ थेट टाकीत ओतायचा मोह आवरा; न विरघळलेला खडा टेन्टॅकलवर बसला की भाजल्यासारखा डाग पडतो.

निळादिवा

वेव्हमेकरबाबत +१.

पण मुख्य अडचण मला प्रकाशाची वाटते. बबल टिपला पीएआर (शैवालाला वापरता येणारा प्रकाश) १५० ते ३०० लागतो. काचेवर चढणारा अ‍ॅनिमोन बहुतेक उजेड शोधत असतो. तुमचा दगड तळाशी असेल तर तिथे १०० सुद्धा पोचत नसेल. रंग फिका होणं म्हणजे शैवाल कमी होणं. दिवा ९० टक्के करून बघा.

सम्पाखालचा

@निळादिवा, चढण्याचं कारण पटतं, उपाय नाही. फिका पडलेल्या अ‍ॅनिमोनवर एकदम प्रकाश वाढवणं म्हणजे उपाशी माणसाला उन्हात धावायला लावणं. अंगात शैवाल कमी उरलंय. उरलेल्या पेशींवर जास्त उजेड पडला की त्या ऑक्सिजनची विषारी रूपं तयार करतात आणि यजमान त्यांनाही हाकलतो. रंग आणखी उतरतो. शिवाय त्यांच्या टाकीत नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. शैवालाला खायलाच काही नाही, तर ते वाढणार कशावर? माझ्या मते ही टाकी घाण नाही, जास्तच स्वच्छ आहे. आपल्याकडे अजून पुष्कळ जण शून्य आकडा दिसला की खूश होतात.

@खारटपाणी, क्रमाने असं करा. जीएफओ आजच बंद. स्किमर (फेसातून मळ काढणारं यंत्र) फक्त रात्री. माशांना दिवसातून दोनदा थोडं थोडं खाऊ घाला. नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.०८ पीपीएमच्या (दशलक्षातले भाग) पट्ट्यात येईपर्यंत आठवड्याला एकदा मोजा. अल्कलिनिटी ८ ते ९ मध्ये स्थिर राहिली म्हणजे झालं, ती रोज ढकलू नका.

दिवा सध्या ५० टक्के, आठ तास. तीन आठवडे तिथेच. रंग परतायला लागला की आठवड्याला पाच टक्क्यांनी वर. फोनवरच्या ॲपने पीएआर मोजू नका, निळ्या प्रकाशात ते काहीही सांगतं. मीटर कुणाकडून दोन दिवस मागून आणा.

तापमान: दिवसाला तीन अंशांचा हेलकावा आणि वर २९.५. हे कमी करायलाच हवं. लक्ष्य २५ ते २६.५. पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा मारणारे १२ सेंमीचे दोन १२ व्होल्टचे पंखे, २६.५ ला सुरू होणाऱ्या कंट्रोलरवर. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात हे दोन-तीन अंश सहज उतरवतात. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर हवाच ओली असते, बाष्पीभवन फारसं होत नाही, पंखे नुसते फिरतात. तिथे चिलरला पर्याय नाही. १५० लिटरला एक दशांश अश्वशक्तीचा पुरतो. मात्र तो कपाटात कोंडू नका, स्वतःच्याच गरम हवेवर चालत राहील.

पंखे लावलेत की एटीओ (उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र) लावाच. साधं गणित बघा: रोज ३ लिटर उडालं आणि आठवडाभर भरलंच नाही, तर १५० चे १२९ लिटर उरतात आणि ३५ पीपीटीचं जवळजवळ ४१ होतं. मग रविवारी कुणीतरी २१ लिटर साधं पाणी एका दमात ओततं. अ‍ॅनिमोनने त्यानंतर जागा सोडली नाही तरच नवल.

वीज जाते तिथे डीसी वेव्हमेकर बॅटरीवर टाका, निदान बॅटरीचा एअर पंप तरी हाताशी ठेवा. गरम पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी असतो, त्यात प्रवाह थांबला तर दोन-तीन तासांत गोष्टी बिघडतात.

आणि टाकीचं वय. चार महिने हे अ‍ॅनिमोनसाठी लवकरच. सहा महिने किमान, वर्ष झालेलं उत्तम. आता आणलाच आहे तर परत देण्यापेक्षा टाकी स्थिर करणं बरं, प्रवासाचा आणखी एक धक्का त्याला नको.

निळादिवा

शून्य नायट्रेटकडे माझं लक्ष गेलं नव्हतं. ९० टक्के मागे घेतो, ५० बरोबर आहे.

ओलीवाळू

टीडीएस ४५ वर कुणीच बोललं नाही, म्हणून लिहिते.

घरच्या आरओचं पाणी आणि टाकीसाठीचं आरओ पाणी या दोन गोष्टी आहेत. पिण्याच्या मशीनमध्ये मेम्ब्रेननंतर टीडीएस कंट्रोलर असतो, तो चव यावी म्हणून थोडं कच्चं पाणी मुद्दाम मिसळतो. पुढे मिनरल कार्ट्रिज. आणि हल्लीच्या बऱ्याच मॉडेलांत तांब्याचं कार्ट्रिज! माणसाला ते चालतं, पण अ‍ॅनिमोन, कोळंबी, गोगलगाय यांना तांबं विषच आहे. मशीनच्या दर्शनी भागावर कॉपर असं काही लिहिलंय का ते आधी बघा.

उपाय स्वस्त आहे. मेम्ब्रेनमधून नळी निघते तिथेच टीच्या आकाराचा जोड लावून वेगळी लाइन घ्या. कंट्रोलर, मिनरल, कॉपर या सगळ्याच्या आधी. त्या लाइनवर डीआय रेझिनचं एक हाउसिंग लावा. बाहेर टीडीएस शून्य यायला हवा. १ किंवा २ दिसायला लागला की रेझिन बदला. मीठ घालताना लिटरला ३६ ते ३८ ग्रॅमपासून सुरुवात करा, ब्रँडप्रमाणे थोडं इकडेतिकडे होतं. पाणी रात्रभर पंप लावून फिरवा आणि टाकीच्याच तापमानाला आणून मग आठवड्याला १० टक्के बदला.

तांबं आत गेलं असेल अशी शंका असेल तर पॉलीफिल्टरचं पॅड लावा. तांबं धरलं की ते निळसर होतं. साध्या टेस्ट किट अ‍ॅनिमोनला त्रास देणाऱ्या पातळीइतक्या बारीक नसतात, त्यामुळे किट शून्य म्हणते यावर विसंबू नका. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरची तांब्याची औषधं या टाकीत कधीच नाहीत. आधी दुसऱ्या टाकीत औषध घातलेले दगड किंवा वाळूही नाहीत, ते तांबं धरून ठेवतात आणि हळूहळू सोडत राहतात.

खाण्याबद्दल. रोज अख्खी कोळंबी बंद. तुकडा ८ ते १० मिमी, आठवड्यातून दोनदा. फिका असेपर्यंत दर तिसऱ्या दिवशी चालेल, पण तुकडा त्याहून लहान. डझनभर मायसिस श्रिम्प (कोळंबीसारखे बारीक जीव) टेन्टॅकलवर सोडल्या तर सगळ्यात बरं. मोठा घास आत कुजतो आणि तो बाहेर टाकताना पचलेलंही सोबत जातं, म्हणजे खाऊन उपाशी. घास दिवसाच्या आत जसाच्या तसा बाहेर आला तर तो मोठा होता असं समजा. कोळंबी, शिणाणे, तिसऱ्या यांचं मांस चालतं. कच्चं, बिनमिठाचं, समुद्रातलं. आरओ पाण्यात धुऊन, तुकडे करून फ्रीझरमध्ये ठेवा. सोडे, सुका जवळा, बोंबील नाही, त्यात मीठ आणि जुनी चरबी असते. नदीतले मासेही नाहीत. अख्खा छोटा मासा द्यायची पद्धत मला अजिबात पसंत नाही, पोटातली घाण सगळी आत जाते.

देताना वेव्हमेकर १५ मिनिटं बंद. तुमच्या दोन क्लीनर श्रिम्प मात्र चोर आहेत. त्या तोंडात पाय घालून घास उपसून काढतात आणि त्या ओढाताणीत अ‍ॅनिमोनचं तोंड सैल राहतं. तुम्ही लिहिलेलं सैल तोंड अर्धं यामुळेही असू शकेल. प्लॅस्टिकच्या बाटलीचा वरचा अर्धा भाग कापून, भोकं पाडून, घास आत जाईपर्यंत त्याच्यावर पालथा ठेवा. वीस मिनिटं पुरतात.

भरतीओहोटी

श्रिम्पचा मुद्दा चांगला काढलात.

तिसरा प्रश्न राहिला, काचेवरून काढणं. उत्तर: जाळी बसवली असेल तर काढू नका. तीनदा उचलून ठेवलंत तेच मुळात चुकलं. तो जागा निवडतो तेव्हा उजेड, प्रवाह आणि पायाला खाच हे तिन्ही बघतो. तुम्ही उचललंत की दर वेळी पायाच्या कडा फाटतात, आणि संसर्ग तिथूनच सुरू होतो. दहा दिवस पाणी स्थिर राहिलं तर तो बहुतेक स्वतःच खाली येईल.

जागा मात्र तयार ठेवा. बबल टिपला पाय लपवायला पाच ते सात सेंमी खोल खाच लागते. पाय अंधारात, डोकं उजेडात. दोन दगड असे टेकवा की मधे अशी फट राहील, ती टाकीच्या वरच्या अर्ध्यात आणि वेव्हमेकरच्या थेट झोतापासून बाजूला. टेन्टॅकल्स डोलल्या पाहिजेत, एका बाजूला झोपल्या नाही पाहिजेत. हॅमर कोरलपासून १५ सेंमी अंतर ठेवा, दोघेही डंख मारतात आणि हरतो बहुधा कोरल.

अगदीच काढायची वेळ आली, समजा तो पंपाच्या मागेच जाऊन बसला, तर पंप बंद करा. पायाच्या एका कडेखाली बोटाचं पेर किंवा मऊ प्लॅस्टिक कार्ड हळूच सरकवा. नख लावू नका. काचेवरून तो दगडापेक्षा बराच सोपा सुटतो, तरी वीस-तीस मिनिटं धरा. हट्टीच असेल तर काचेच्या बाहेरून, पायाच्या नेमक्या मागे, पिशवीत बर्फ धरा; थंडी लागली की पकड सोडतो. सुटला की खाच असलेल्या दगडासह प्लॅस्टिकच्या जाळीदार टोपलीत दोन दिवस ठेवा, पाय धरला की टोपली काढा. हातमोजे घाला. बबल टिपचा डंख हाताला फारसा जाणवत नाही, पण तोच हात डोळ्याला लागला तर जाणवेल.

खारटपाणी

सगळ्यांचे आभार. जाळी बसवली, जीएफओ बंद, दिवा ५०. आरओच्या मशीनवर खरंच कॉपर लिहिलेलं निघालं, नळी उद्या बदलतो. रिफ्रॅक्टोमीटर मागवलाय.

अजून दोन शंका. क्लाउनफिश त्यात जावेत म्हणून काही करता येतं का? आणि मालवण-रत्नागिरीच्या खडकांवर ओहोटीला दिसतात ती समुद्रफुलं अशा टाकीत राहतील का?

ओलीवाळू

क्लाउनफिशचं आत्ता काहीच करू नका. उलट ते दुर्लक्ष करतायत हे तुमचं नशीब. धडधाकट मासा अशक्त अ‍ॅनिमोनमध्ये लोळायला लागला की त्याला फुलूच देत नाही. दुसरं म्हणजे ऑसेलारिसचे निसर्गातले यजमान तीन: मॅग्निफिका, जायगॅन्टिया आणि मर्टेन्सी. बबल टिप त्यांत नाही. टाकीत पुष्कळदा स्वीकारतात, कधी आठवड्यात, कधी सहा महिन्यांनी, कधी कधीच नाही. मरून रंगाचा क्लाउनफिश मात्र निसर्गात बबल टिपमध्येच राहतो, आणि क्लार्की जातीचा क्लाउनफिश दहाही यजमान जातींत चालवून घेतो. म्हणून ऑसेलारिससाठी कार्पेट (जायगॅन्टियासारखं गालिचासारखं पसरणारं समुद्रफूल) घ्या असा सल्ला कुणी दिला तर १५० लिटरमध्ये तो ऐकू नका. जायगॅन्टिया अर्धा मीटर पसरतो. आणि हॅडोनी हा दुसरा कार्पेट गोबीसारखे मासे धरून खातो.

खडकावरच्या समुद्रफुलांचं उत्तर: नाही, ठेवू नका. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ चं आहे, तिथून काही उचलणं सरळ कायद्याच्या विरोधात. अभयारण्याबाहेरही उचलू नका. ती भरती-ओहोटीच्या पट्ट्यातली, रोज उघडी पडणारी, लाटांचा मार खाणारी. तुमच्या टाकीतला ताल वेगळाच. त्यांच्यासोबत काय काय आत येईल तेही कळणार नाही.

सम्पाखालचा

किनाऱ्याचा विषय निघालाच आहे तर एक अवांतर. समुद्रफूल लवकर मरणारा जीव आहे असा समज टाक्यांमुळे झालाय. एडिनबरात ग्रॅनी नावाचं एक समुद्रफूल होतं. निसर्गअभ्यासक जॉन डॅलियल यांनी ते १८२८ मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून आणलं आणि ते १८८७ पर्यंत काचेच्या बरणीत जगलं. अर्थात ते थंड पाण्यातलं, शैवालाशिवाय जगणारं, त्याला दिव्याची गरजच नव्हती. बबल टिपला तो हिशेब लावता येत नाही.

@खारटपाणी, पुढच्या काही आठवड्यांत एक गोष्ट होऊ शकते, तेव्हा दचकू नका: तो उभा ताणला जाऊन मधोमध दुभंगेल आणि दोन होतील. बबल टिप असाच वाढतो, कधी ताणामुळे, कधी भरपूर खाल्ल्यामुळे. दोन्ही तुकड्यांना आठवडाभर खायला देऊ नका, तोंड नीट जुळू द्या. आणि टेन्टॅकलच्या टोकाचे फुगे गेले, सरळ बोटांसारख्या लांब झाल्या, तर ते आजाराचं लक्षण समजू नका. चिकटपणा, रंग आणि घट्ट तोंड बघायचं.

दहा दिवसांनी इथेच टाका: रिफ्रॅक्टोमीटरवरचा खारेपणा, सकाळ-संध्याकाळचं तापमान, नायट्रेट, फॉस्फेट, आणि पांढऱ्या प्रकाशात काढलेला फोटो. निळ्या दिव्याखाली फिका अ‍ॅनिमोनसुद्धा हिरवागार दिसतो.